‘हाय का?’ला दिलेलं उत्तर

कबुली द्यायची मला सवय आहे. गेली तीन वर्षं कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या कॉलेजांत मला बोलवतात. मुलांसमोर उभी राहून मी सांगते, की मी मोबाईलवरच्या गेमच्या नादाला लागले होते. अभ्यासिकेत पुस्तकाच्या आत फोन ठेवून दोन वर्षं खेळत बसले, आणि गारगोटीच्या बाजारात हमाली करणाऱ्या माझ्या वडिलांना वाटत होतं की पोरगी परीक्षेची तयारी करतेय. शेवटी टाळ्या वाजतात. कुणीतरी गुलाबाचं फूल देतं.

मला सांगायचंय ते हे नव्हे. जे सांगायचंय ते कुठल्याच कॉलेजात सांगितलेलं नाही — आईला नाही, सरांना नाही, एकटी असतानाही मोठ्यानं म्हटलेलं नाही. आणि बघितलंत ना? आज तेच लिहायला बसले, तर पहिल्या चार ओळींत पुन्हा ती टाळ्यांची गोष्टच आली. हात तिकडंच वळतो.

तर — सारिकावैनी.

आमचा गट रविवारी सकाळी सात वाजता एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. चालवतात ते सर. निवृत्त पीटीचे शिक्षक, तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांनी स्वतः कधी गेमला हात लावलेला नाही. पण त्यांचा पुतण्या त्या नादापायी शिक्षण सोडून खोलीत बसला, तेव्हा त्यांनी त्याच्यासारखी आणखी माणसं शोधून एकत्र आणली. आम्ही तेव्हा नऊजण होतो. बायका दोनच — मी आणि सारिकावैनी.

सरांचं म्हणणं असं, की तालमीत एकट्यानं मेहनत होत नाही. समोर जोड लागतो. तुमचा दम किती आहे ते तुमच्यापेक्षा तुमच्या जोडाला जास्त ठाऊक असतं. म्हणून गटात प्रत्येकाला एक जोड; सात पुरुषांत एक जोडी तिघांची. रविवारी स्वतःबद्दल बोलायचंच नाही. सर विचारणार, “जोड काय म्हणतोय?” आणि तुमच्याबद्दल तुमचा जोड सांगणार. आठवडाभर खेळलं नसेल तर शब्द एकच — ‘कोरा’. कोरा आठवडा. बास, पुढचा.

दोघीच बायका, त्यामुळं आमची जोडी आपोआप लागली. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावी नापास, लग्न, एक मुलगी. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात लिपिक. ती मला ‘म्याडम’ म्हणायची आणि त्याच दमात ‘तू’ही म्हणायची — “म्याडम, तू च्या घेतलास काय?” आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. शिकल्यावर मी ‘येते, जाते’ म्हणायला लागले, तर ती हसायची. म्हणायची, पदवी मिळाली आणि ह्या बाईचा ‘तो’ गेला. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. ती हसते आहे, पण वर बघून हसते आहे — असं वाटायचं. हेही लिहून ठेवते. ह्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

वैनी गटात का आली, ते सांगायला हवं. तिचा नवरा संदीप दुधाचा टँकर चालवतो, चार-चार दिवस बाहेर. घरात ती आणि पाच वर्षांची ईश्वरी. शाळेची रिक्षा दुपारी साडेबाराला कोपऱ्यावर मुलीला सोडायची आणि वैनी तिथं उभी असायची. एके दिवशी नव्हती. डाव रंगात आला होता. ईश्वरी थोडा वेळ थांबली, मग चालत सुटली. दोन तासांनी सापडली ती रंकाळ्याच्या काठावर, एका भेळवाल्याच्या गाडीपाशी. त्यानं तिला चुरमुरे देऊन बसवून ठेवलं होतं. पाण्यापासून ती जागा किती लांब आहे, हे वैनीनं नंतर पावलं टाकून मोजलं होतं. एकवीस.

संदीपनं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलीला चंदगडला आपल्या आईकडं ठेवून आला आणि वैनीला म्हणाला, सहा महिने तो खेळ सोडून दाखव, मग आणतो. सहा महिने म्हणजे जूनपर्यंत. शाळा सुरू व्हायच्या आत.

आणि ती खेळली नाही हे त्याला कळणार कसं? तर माझ्याकडून. दर महिन्याला त्याचा मला फोन यायचा. माणूस सरळ. म्हणायचा, बायको माझ्याशी खोटं बोलली तर मला कळायचं नाही, पण म्याडम, तुमच्यावर भरवसा आहे. का होता भरवसा? मी पदवीधर होते म्हणून. दुसरं काय माहीत होतं त्याला माझ्याबद्दल?

आता तो शब्द.

आम्ही दोघीही ज्या प्रकारचा गेम खेळायचो, त्यात चारजणांची टोळी करून उतरायचं असतं. एखादा कमी पडला की ओळखीच्यांना मेसेज जायचा — ‘हाय का?’ म्हणजे ‘आहेस का’. आपल्या बोलीतला साधा प्रश्न. समोरून ‘हाय’ आलं की लिंक पाठवायची, तो टोळीत आला. दोन वर्षं हे दोन शब्द दिसले की माझी बोटं गरम व्हायची.

गटात आल्यावर सर म्हणाले, खेळायची हुक्की आली की जोडाला हाक मारायची, आणि जोडानं हातातलं काम टाकून लगेच फोन करायचा. हाक कोणती ते ज्यानं त्यानं ठरवावं. वैनी म्हणाली, आपण ‘हाय का’च ठेवूया. ज्यानं बुडवलं त्यानंच वर काढायचं. मला ती कल्पना फार आवडली. मी सरांना कौतुकानं सांगितली. सर म्हणाले, दारूच्या बाटलीत पाणी भरलं तरी बूच काढल्यावर वास येतोय, पोरी. मी हसले. मला वाटलं, जुना माणूस आहे, शब्दांची गंमत कळत नाही.

पहिले चार महिने तो शब्द चालला. वैनीचा मेसेज यायचा, मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन करायचे. ती काय करत असायची? मुलीचे कपडे घडी घालत असायची — महिनोन्महिने न घातलेले कपडे पुन्हा पुन्हा घडी घालायची. एकदा म्हणाली, “फ्रॉक लहान झाला असंल बघ आता. मापच ठाऊक न्हाय मला.” मी कधी तिला हाक मारली, तर ती कुकर बंद करून फोन करायची आणि सगळ्या गल्लीच्या भानगडी सांगायची, मी हसेपर्यंत. एकमेकींना आम्ही खरंच सांभाळलं. हे खोटं नाही. पुढचं वाचून तुम्हाला ते खोटं वाटेल, म्हणून आधीच सांगते.

पाचव्या महिन्यात मी पुन्हा सुरू केलं. कारण विचाराल तर मोठं काही नाही. एका परीक्षेच्या यादीत नाव नव्हतं. तसं ते कधीच नसायचं. ‘एकच डाव’ म्हणून गेम फोनवर पुन्हा उतरवून घेतला, आणि आठवड्याभरात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जुन्या फायलींच्या खोलीत बसून खेळायला लागले. रविवारी जायच्या आधी वैनी विचारायची, काय म्याडम, कोरा? मी म्हणायचे, कोरा. आणि ती नऊजणांत उभी राहून सांगायची, म्याडमचा आठवडा कोरा. छाती पुढं काढून सांगायची. पाच रविवार माझं खोटं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

तेव्हा सांगता आलं असतं का? हो. गटात सगळेच कधी ना कधी घसरलेले होते, कुणाला बाहेर काढलं नव्हतं. मग? — सरांनी मला एका कॉलेजात बोलायला निवडलं होतं. माझं पहिलं भाषण. वडील गारगोटीहून एसटीनं ऐकायला येणार होते. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय असं आई म्हणाली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगते.

तो बुधवार होता. भाषण पुढच्या मंगळवारी. मी ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलं होतं आणि राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर दुपारी खेळत बसले होते. तिघं होतो. चौथा नुकताच उठून गेला होता. आम्ही वाट बघत होतो — आणि स्क्रीनवर मेसेजची पट्टी आली. सारिकावैनी. ‘हाय का?’

इथंच मी नेहमी थांबते. मनातल्या मनात ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी इथं एक वाक्य घुसतं — ‘मला वाटलं, ती खेळायला बोलवतेय.’ खेळाच्या भरात होते, शब्द तोच, गोंधळ झाला. किती सोयीचं वाक्य आहे! कुणीही मानेल. बोलीतल्या एका शब्दाचा घोटाळा, दुसरं काय?

माझा घोटाळा झाला नव्हता. ती मदत मागतेय हे मला दिसलं. पाच महिने तो शब्द तिनं दुसऱ्या कशासाठी वापरलाच नव्हता. मला दिसलं, कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं, की चौथं माणूस मिळालं.

मी ‘हाय’ लिहिलं आणि लिंक पाठवली.

मग तिनं विचारलं, ‘खरंच?’ मी लिहिलं, ‘एकच डाव.’ तिच्या फोनवर गेम नव्हता, तिनं तो पहिल्याच रविवारी सर्वांसमोर काढून टाकला होता. पुन्हा उतरवून घ्यायला वेळ लागत होता. मधेच तिनं कळवलं, नेट हळू हाय, थांब. ती बारा-पंधरा मिनिटं मी थांबले होते. दुसरं काही करत नव्हते. फोन हातात होता. एवढ्या वेळात काय काय करता आलं असतं, हे तुम्हीच बघा. मी त्या दोघांना एवढंच सांगितलं, थांबा, येतेय एकजण, चांगली खेळते.

तीन तास खेळलो. चांगलीच खेळली ती.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती. आवाज कोरडा पडला होता. म्हणाली, दुपारी चंदगडला फोन केला होता, तर ईश्वरी म्हणाली, मी आजीजवळ जेवतोय, नंतर बोलतो — आणि ठेवून दिला. म्हणून हाक मारली होती मी तुला, म्याडम. मग म्हणाली, “रविवारी दोघी बी सांगूया. मी तुझं सांगतो, तू माझं सांग. एकदम सांगितलं तर एवढं काय वाटायचं न्हाय.”

मी हो म्हणाले. आणि म्हणाले, तोवर ते मेसेज काढून टाका वैनी, उगाच कुणी बघायला नको. तिनं लगेच काढले. मी सांगितलं म्हणून. शिकलेलं माणूस सांगतंय म्हणून.

गुरुवारी संदीप घरी आला. तिच्या फोनवर त्याला गेम दिसला — ती काढायला विसरली होती, का मुद्दाम ठेवला होता, मला ठाऊक नाही. तिनं त्याला खरं ते सांगितलं. हाक मारली होती, म्याडमनी उलट खेळायलाच घेतलं. त्याचा विश्वास बसला नाही. तो म्हणाला, रविवारी मीच येतो आणि तोंडावर विचारतो. हे तिनं मला शुक्रवारी फोन करून सांगितलं. भांडली नाही. उलट मलाच धीर दिला, की तू घाबरू नको, तो मारका न्हाय, खरं सांगितलंस की गप्प बसतोय.

शनिवारी मी माझ्या फोनवरून गेम काढला. मेसेज काढले. फोटोंमध्ये एखादा डावाचा फोटो राहिलाय का ते तपासलं. म्हणजे बघा — रविवारी ऐनवेळी माझी जीभ अडली, असंही मला म्हणता येत नाही. मी तयारी करून गेले होते.

हॉलमध्ये संदीप शेवटच्या खुर्चीवर बसला होता, अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट, गुडघ्यावर दोन्ही हात. सरांनी त्याला पुढं बोलावलं. तो उभा राहिला, पण सरांकडं न बघता माझ्याकडं बघून बोलला.

“म्याडम, तुम्हीच सांगा. ही म्हणत्या, हिनं तुम्हास्नी मेसेज केलता आणि तुम्हीच हिला खेळायला बोलावलासा. खरं हाय काय? तुम्ही हाय म्हणा, मी पोरीला उद्याच्या उद्या आणतो. चूक हिची एकटीची न्हाय म्हणीन.”

ऐकलंत? त्यानं दार उघडून ठेवलं होतं. एक शब्द हवा होता त्याला. तोच शब्द — हाय.

मी म्हणाले, मेसेज आला होता, पण मला उशिरा दिसला. फोन केला, तोवर त्या खेळत होत्या. आणि कुणी मागितला नसताना माझा फोन पुढं केला. म्हणाले, माझ्याकडं तर तो गेमच नाही, बघा.

सरांनी फोन हातात घेतलासुद्धा नाही. ते वैनीकडं वळले आणि खूप मायेनं म्हणाले, “पोरी, पडलीस तर पडलीस. सगळीच पडत्यात. पण जोडावर ढकलू नको.”

संदीपनं मान खाली घातली. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं — त्याला लाज वाटली होती. आपली बायको नऊ माणसांत खोटं बोलली, तेही एका शिकलेल्या बाईवर आळ घेऊन, ह्याची लाज.

मग सरांनी रिवाजाप्रमाणं विचारलं. सारिका, तुझा जोड काय म्हणतोय? म्हणजे माझा आठवडा कसा गेला, ते तिनं सांगायचं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या कपाळाकडं बघत होते. ती म्हणाली, “म्याडमनाच इचारा. शिकलेल्या हायत.”

सगळे माझ्याकडं वळले. रिवाज मोडला होता, स्वतःचं स्वतः कुणी सांगत नसे. पण सरांनी मान हलवली, की सांग.

मी म्हणाले, “कोरा.”

मंगळवारी भाषण झालं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजल्यावर त्यांनी डोळे पुसले. त्यानंतर मी आजपर्यंत खेळलेली नाही. एकदाही नाही. लोक ह्याला माझी जिद्द म्हणतात. ती जिद्द कोणत्या रविवारी सुरू झाली, हे कुणी विचारत नाही.

वैनी पुन्हा गटात आली नाही. जूनमध्ये ईश्वरीचं नाव चंदगडच्या शाळेत घातलं. पुढं नवरा-बायकोचंही बिनसलं, आणि वैनी हातकणंगल्याला माहेरी गेली. तिथं ती एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला जाते, असं गटातल्या एकाकडून कळलं. खेळते का? कळलं नाही. मी विचारलंही नाही. तिचा नंबर बदललेला नाही. मी कधी लावला नाही.

आता शेवटचं. हे घडलं नसतं तर कदाचित मी हे लिहायला बसलेच नसते.

मागच्या महिन्यात, दुपारी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत संदीपचा फोन आला. तीन वर्षांनी. नमस्कार, म्याडम, ओळखलासा काय, असं म्हणून तो जरा घुटमळला. त्याची आई आता थकली आहे. ईश्वरी आठ वर्षांची झाली, आईचं नाव काढते. वैनीच्या भावानं निरोप धाडलाय, की पोरीला तिच्याकडं द्या. तो म्हणाला, एका मनाला वाटतंय द्यावी. पण त्या दिवशी ती तेवढं धडधडीत खोटं बोलली, तेच अजून डोक्यात बसलंय. खेळली त्याचं काही नाही म्याडम, माणूस चुकतंय. खोटं बोलली. अशा बाईजवळ पोरगी द्यावी काय? तुम्ही दोघी जवळच्या होतासा, तुम्हाला काय वाटतं?

माझ्यासमोर कुणी नव्हतं. नऊ माणसं नव्हती, सर नव्हते, पुढं कुठलं भाषण नव्हतं. वडील तर मागच्याच वर्षी गेले. पलीकडं फक्त तो एक माणूस होता आणि तो वाट बघत होता. तो दोनदा ‘हॅलो’ म्हणाला.

मी म्हणाले, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. तुम्हीच विचार करून ठरवा.

बरं, म्हणाला. त्रास दिला, म्हणाला.

त्या रविवारी मी घाबरले होते, हे खरं आहे. मागच्या महिन्यात मी घाबरलेली नव्हते. फोन ठेवला, डबा उघडला आणि जेवले.